मागे कोणाला बसवू नका

१

अण्णांचा दहावा आटोपून निघताना गाडीत तिघंच होते. दिग्विजय, त्याची आई आणि बायको कल्पना. आंबेजोगाईची नातेवाईक मंडळी थेट तेराव्याला येणार होती. हल्ली दुःखालासुद्धा रजा शिल्लक असावी लागते. मुळेच्या काठी, नांदे गावच्या घाटावर त्या सकाळी दोन घरांचे दहावे होते. पलीकडच्या पायऱ्यांवर गावातली कुठलीशी भावकी दाटीवाटीने बसली होती. अलीकडे हे तिघं आणि गुरुजी. दहा दिवस गेलेल्या माणसाच्या नावाने जपून ठेवायचा तो खडा दिग्विजयने पाठमोरं होऊन पाण्यात सोडला. अण्णांचा खडा बुडताना कल्पनाने स्वतः पाहिला.

आई मागे, उजव्या बाजूला बसली. दिग्विजय किल्ली फिरवणार तोच म्हणाली, "तिघं नको जायला."

इतक्या दिवसांत आपणहून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. तिघांनी मिळून कुठे निघू नये, निघालंच तर चौथा म्हणून दगड बरोबर घ्यावा, ही तिच्या माहेरची रीत. अण्णा तिची यावरून मनसोक्त थट्टा करायचे. आज थट्टा करायलाच कुणी नव्हतं. दिग्विजय मुकाट्याने उतरला, पायऱ्यांपर्यंत गेला, हाताला लागला तो दगड उचलून घेऊन आला आणि आईशेजारी, मागच्या डाव्या सीटवर ठेवला.

"झाले चौघं," तो म्हणाला.

दगडाला थोडं तेल लागलं होतं आणि त्यावर काळे तीळ चिकटले होते. कल्पनाला ते दिसले. घाटावर तीळ सगळीकडेच सांडलेले असतात, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर तिला तोंड उघडायचाच कंटाळा आला होता.

गाडी पुलावर आली आणि टिंग-टिंग सुरू झालं. समोरच्या काचेखाली गाडीचं छोटंसं चित्र उमटतं, त्यात मागच्या डाव्या जागेवर लाल माणूस लागला होता. तिथे कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं.

"दगडाचं वजन," दिग्विजय म्हणाला.

आईने दगड उचलून मांडीवर घेतला. टिंग-टिंग चालूच राहिलं.

२

त्या घरात तेव्हा कुणालाच रडू येत नव्हतं. अण्णा हिवाळ्यातल्या एका सकाळी दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत, आणि त्यानंतर घरातल्या सगळ्यांना जणू कुणी भूल देऊन ठेवली होती. दिग्विजय हिंजवडीला जायचा आणि यायचा. कल्पना घरून काम करायची, मीटिंगमध्ये हसायची, कॅमेरा बंद झाला की भिंतीकडे बघत राहायची. आई दोन घास खाऊन ताट सारायची. तिचे हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत जात. हिला आता काय धरून ठेवणार, ही एकच काळजी कल्पनाला खऱ्या अर्थाने जाणवत होती. बाकी काही आत पोचतच नव्हतं.

गाडीतला आवाज मात्र रोज पोचायचा. दवाखाना असो, बँक असो, गाडी हलली की टिंग-टिंग. दिग्विजयने सीट झटकली, पुसली, पट्टा काढून-घालून पाहिला. दगड दाराच्या कप्प्यात टाकला. लाल माणूस जागचा हलला नाही.

"वायरिंगचा प्रॉब्लेम आहे," दिग्विजय म्हणाला.

"वायरिंगचं काही नाही," मागून आई म्हणाली. "पट्टा लावला नाहीये त्यांनी. जन्मात कधी लावला का?"

हे मात्र खरं होतं. अण्णांना पट्ट्याचं वावडं होतं. पोलीस दिसला की तो हाताने नुसता छातीवर धरायचे आणि पोलीस मागे पडला की सोडून द्यायचे. कल्पनाने आरशात पाहिलं. आई डावीकडे तोंड करून, पदर सावरून बसली होती. गाल वर आले होते. हसत होती ती.

त्या रात्री आईने पूर्ण भाकरी खाल्ली.

३

गाडीच्या कंपनीचा मेसेज आला तेव्हा कल्पनाला मनापासून हायसं वाटलं. मागच्या सीटखाली बसवलेलं सेन्सरचं मॉड्यूल सदोष आहे, ते तापून पेट घेण्याची शक्यता आहे, त्या काळात बनलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या आहेत. तिने लगेच घोटावड्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला आणि भाजी निवडत निवडत स्पीकरवर टाकला. क्षितिजा नावाच्या मुलीने उचलला.

"हो मॅम, तुमचा नंबर लिस्टमध्ये आहे. कंपनीने परत बोलावलंय. पण पार्ट अजून आलेला नाही, आला की आम्ही कॉल करू."

"मागे कुणी नसतानाही तो पट्ट्याचा आवाज होतो. तो त्याच्यामुळेच ना?"

"असू शकतं मॅम. आणि एक, गाडी बंद असली तरी ते तापू शकतं. त्यामुळे बिल्डिंगखाली लावू नका, मोकळ्यावर लावा. आणि पार्ट बदलेपर्यंत मागे कोणाला बसवू नका."

"आम्ही कुणाला बसवलं नाहीये," कल्पना म्हणाली. आपण असं उत्तर का दिलं हे तिचं तिलाच कळेना.

फोन ठेवून ती वळली तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. "काय म्हणाली ती? परत बोलावलंय?"

"गाडीला, आई."

"बरं," आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. दोघींसाठी तिने तीन कप पाणी टाकलं.

४

सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. रिकॉलवाली गाडी बेसमेंटमध्ये नको म्हणून संध्याकाळपर्यंत बरेच अंगठे उठले. दिग्विजयने गाडी फाटकाबाहेर, भिकूच्या रानात नेऊन लावली. रान म्हणजे तीन बाजूंनी उठलेल्या इमारतींच्या मधे राहिलेला एक तुकडा. भिकूने बाकीची जमीन विकली होती, उरलेल्या एवढ्याशा जागेत चाऱ्याचं कडवळ लावायचा आणि दोन म्हशी बांधायचा. लावा की, त्यात काय इचारायचं, म्हणाला.

आई दुपारी तिथे जाऊन बसू लागली.

पहिल्यांदा कल्पनाला ती घरात सापडेना. जिना, देऊळ, बाग पाहून ती फाटकाबाहेर आली. गाडीच्या चारही काचा खाली होत्या. मागे उजवीकडे आई, हातात स्टीलचा पेला. दुसरा पेला डाव्या सीटवर ठेवलेला. गाडी बंद होती, किल्ली आईच्या मांडीवर होती, आणि तरीही समोर तो लाल माणूस लागलेला होता. आवाज नव्हता. नुसता दिवा.

कल्पना तिथे उन्हात उभी राहिली. बंद गाडीत दिवा लागू शकतो का? लागत असेल. बिघाडच आहे तो, बिघडलेली वस्तू काहीही करते. यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला बिघाड फार उपयोगी पडतो. सगळं त्याच्यावर ढकलता येतं.

"आई, इथे बसायचं नाही. पेटेल ती गाडी."

"उन्हात बसवून ठेवलंत त्यांना. मी घटकाभर आले तर काय झालं?"

तिने आईला धरून बाहेर काढलं. डाव्या सीटवरचा पेला उचलताना हाताला सीट लागली. कापड गरम होतं. ऊन होतंच म्हणा. पण ऊन उजव्या अंगाला होतं.

रात्री तिने दिग्विजयला सांगितलं. मोबाईलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "बसू दे ना थोडा वेळ. जेवते तरी."

"पेटली तर?"

"पार्ट येईल आता." त्याचा आवाज अगदी सपाट होता. वडील गेल्यापासून तो सगळ्याच गोष्टी अशा बोलायचा, भाव उतरलेल्या वस्तूंबद्दल बोलावं तसा. कल्पनाला त्याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. तिने किल्ली कपाटात लपवली, आणि दुसऱ्या दिवशी आई जेवली नाही म्हणून परत जागेवर ठेवली.

५

"वैनी, म्हातारीला हितं बसू देत जाऊ नका."

भिकू विळा घेऊन बांधावर उभा होता. कल्पना आईला न्यायला निघाली होती.

"ऐकत नाहीत हो त्या."

"बंद गाडीत बसल्यालं मानूस मला बघवत न्हाई." त्याने विळा खाली ठेवला. "एकनाथ माझा भाऊ. टेम्पो हुता त्याचा, घोटावड्याच्या कंपनीत माल टाकायचा. गेटावर नंबर लागायची वाट बघत बसलेला. वायरिंगनं पेट घेतला. दार उघडं हुतं वैनी. पट्टा सुटंना. समद्यांच्या डोळ्यांदेखत."

कल्पनाने विचारलं, "कधी झालं हे?"

"तुमच्या सासऱ्यांबरुबरच की. दहावा एकाच दिशी न्हाई का झाला? आमी पल्याडच्या पायरीवर हुतो." त्याने विळा पुन्हा उचलला. "त्याचंबी नीट झालं न्हाई. जीवखडा पायरीवर ठिवला आन् समदी कावळ्याकडं तोंड करून बसली. फिरून बघतोय तर खडा न्हाई. कुनाच्या पायानं पान्यात गेला म्हना, काय झालं म्हना."

"मग?"

"मग काय. दुसरा दगूड घेतला, तेल-तीळ लावलं, दिला सोडून. भटजी म्हनला चालतंय." त्याने नजर वळवून गाडीकडे पाहिलं. "चालत आसंल."

रानाच्या त्या टोकाला आई खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती. तिचे ओठ हलत होते. अण्णा गेल्यापासून प्रथमच कल्पनाला स्वच्छ, साधी भीती वाटली. तिला ती जवळजवळ बरी वाटली.

६

दगड दाराच्या कप्प्यात नव्हता. कल्पनाने पायपुसणी उचलली, सीटखाली हात घातला, डिकी उपसली. तो उचलायचा, भिकूच्या हातात द्यायचा, पुढचं तो बघेल, एवढंच तिने ठरवलं होतं. याच्यावर विश्वास बसतो की नाही हा प्रश्न तिने बाजूला ठेवला.

"आई, तो दगड कुठे आहे? घाटावरून आणलेला?"

आई शेंगा सोलत होती. "तो होय? बँकेत गेलो होतो ना, तेव्हा येताना टाकून दिला खिडकीतून. महाळुंग्याला, ते रस्ता उकरतात तिथे कुठेतरी."

"का?"

"त्याची काय गरज आता?" आईने तिच्याकडे असं पाहिलं की विचारणारीच वेडी. "चौघं आहोत की आपण."

कल्पना तिच्यासमोर खाली बसली. सांगावं का? शेजारी बसतात ते अण्णा नव्हेत, असं? ज्या माणसाशी ती चहा पिते तो घोटावड्याच्या गेटावर जळालेला कुणी परका आहे, असं? हे बोलायला आधी आपला त्यावर विश्वास हवा. आणि विश्वास असला तर ही बाई हे ऐकून उद्या जेवणार नाही, परवा उठणार नाही.

"आई, ते काही बोलतात का?" तिने विचारलं.

"नाही." आईने एक दाणा तोंडात टाकला. "एरवी किती बडबडे. आता नुसते बसून असतात. घाम येतो त्यांना फार. मी पुसते."

७

पार्ट आल्याचा क्षितिजाचा फोन आला तेव्हा कल्पनाने हातातलं काम तसंच टाकलं. आईला घरी ठेवायचं ठरवलं होतं, पण ती चप्पल घालून आधीच गाडीत जाऊन बसली होती. काढू गेलं तर तिने सीटची कड अशी पकडली की तिची नखं पांढरी पडली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. जितक्या लवकर तो भाग बदलून होईल तितकं बरं. घोटावड्यापर्यंत टिंग-टिंग चालू राहिलं आणि कल्पना वाहनांच्या गर्दीतून, खडीच्या डंपरमागून गाडी काढत राहिली.

सर्व्हिस सेंटरमधला कैलास हसतमुख मुलगा होता. त्याने मागची सीट उचलली आणि त्याचं हसू थांबलं. मॉड्यूल काढून त्याने कल्पनाला दाखवलं. प्लास्टिक वितळून एका बाजूला ओघळलं होतं, वायरी काळ्या पडल्या होत्या.

"थोडक्यात वाचलात, मॅडम. आज-उद्यात गेलं असतं."

काचेपलीकडे सोफ्यावर आई बसली होती. म्हणजे सगळं खरं होतं. बिघाड खरा होता, आग खरी होती, आवाज त्याचाच होता. भिकूचा भाऊ, तीळ, पेला, यातलं काहीच खरं नव्हतं. ती काळी पडलेली वस्तू तिला अगदी देखणी वाटली.

कैलासने नवीन भाग बसवला, स्वतः मागे बसून दाखवलं. लाल माणूस लागला. पट्टा लावला, माणूस हिरवा झाला. उतरला, माणूस विझला.

"एकदम ओके. आता बिनधास्त बसवा मागे कोणालाही."

८

परतीच्या वाटेवर गाडीत शांतता होती. कल्पनाने वळणावर वळण घेतलं, गतिरोधक ओलांडले, काहीही वाजलं नाही. उसाच्या कडेने दुपार पिवळी पडली होती. इतक्या दिवसांनी तिला भूक लागली. घरी जाऊन पिठलं करू, दिग्विजयला आज लवकर बोलावू, असं काहीबाही तिच्या मनात येऊ लागलं आणि डोळे भरून आले. आईचं दुःख आता सुरू होईल, हे तिला कळत होतं. होऊ दे. रडेल, चिडेल, पण जिवंत राहील.

"आई, वाजत नाही बघा आता."

"कशाला वाजेल? मी लावून दिला त्यांना पट्टा." मागून आईचा समाधानी आवाज आला. "आयुष्यभर ऐकलं नाही. आज गप लावून घेतला हो."

कल्पनाने समोर पाहिलं. इतका वेळ ती फक्त लाल शोधत होती. चित्रात लाल कुणी नव्हतं. मागे हिरवी माणसं दोन होती.

तिने आरसा खाली केला. डावा पट्टा ओढून बकलात अडकवलेला होता, पण सीटला टेकलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, हवेत, फुगून ताणलेला होता.

मग तो हलला. एकदा पुढे आला आणि टक् करून अडकला. मागे गेला. पुन्हा पुढे आला, टक्. पुन्हा. टक्, टक्, टक्.

"असं काय करताय?" आई म्हणाली. "हळू ओढा. झटका दिला की अडकतो तो. दिग्विजयने सांगितलं नव्हतं का?"

टक्. टक्. आता थांबतच नव्हतं. गाडीत वास येऊ लागला, वायरी जळतात तसा, आणि त्याच्याखाली दुसरा एक. कल्पनाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरली, मागचं दार उघडलं. हे सगळं तिने अगदी सावकाश आणि नीट केलं. "आई, उतरा," ती म्हणाली.

आई तिच्याकडे बघत नव्हती. ती डावीकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. नेहमीच्या माणसाच्या अंगावर नवा सदरा असावा तशी ती आधी नुसती चक्रावली. मग मागे सरकली, आणि सरकायला जागा नव्हती.

"कल्पना," ती कुजबुजली, "हे कोण आहेत?"

दोन्ही बकलं सीटच्या मधोमध, शेजारी-शेजारी असतात. कल्पना आईवरून वाकली. डावीकडे बघायचं नाही, असं ठरवून तिने डोळे आईच्या पदरावर ठेवले आणि आईच्या बकलाचं बटण हाताने चाचपलं. तिथून धग येत होती. बटण सापडेना, मग सापडलं, पण दाबलं जाईना, कारण त्यावर आधीच एक बोट होतं आणि ते जिवाच्या आकांताने तेच बटण दाबत होतं.

आईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.